शिकलगार सरांची लांबलचक ओळ

बशीर शिकलगार सरांची आणि माझी ओळख माझ्या फजितीने झाली. कवठे महांकाळहून बातम्या पाठवणारा मी सांगलीच्या दैनिकात उपसंपादक म्हणून रुजू झालो, आणि पहिल्याच दुपारी वृत्तसंपादक असलेल्या सरांनी गावातल्या दोन गटांच्या भांडणाची माझी बातमी सगळ्यांसमोर दोनदा मोठ्याने वाचली. आधी एका गटाचा माणूस वाचेल तशी, मग दुसऱ्या गटाचा. "दोघांनाही थोडं टोचू दे, पण खोटं कुणाला म्हणता येता कामा नये," एवढे बोलून त्यांनी चहा मागवला. या पद्धतीची आम्ही टिंगल करायचो आणि निमूट पाळायचो.

पुढे आमच्या भागातल्या एका दूध संघात फूट पडली. संचालकांनी अविश्वास ठराव करून अध्यक्ष रावसाहेबांना हटवले. ती सभाच बेकायदा, मीच अध्यक्ष, असे म्हणत रावसाहेब न्यायालयात गेले. आता बातमीत त्यांना म्हणायचे काय? सरांनी ठरवले: "अविश्वास ठरावाने पदावरून दूर केलेले आणि त्या ठरावाला न्यायालयात आव्हान दिलेले रावसाहेब". दर वेळी, पूर्ण. कुणाच्या लग्नाला ते हजर राहिले, एवढीच बातमी असली तरी.

दोन्ही गट कचेरीत येऊन गेले. "आवं सर, एवढं लांबडं कशाला? अध्यक्ष म्हना की, सोपं हाय!" हे एकांचे. "माजी लिवा, न्हाईतर तुमचा पेपर गावात येऊ देनार न्हाई," हे दुसऱ्यांचे. सर दोघांनाही बसवून चहा पाजत आणि ओळ तशीच ठेवत.

एकदा माझ्या हातून घोळ झाला. जागा कमी पडली म्हणून मी ती ओळ कापून "माजी अध्यक्ष" केले. सकाळी रावसाहेबांची माणसे दारात. "कुनी लिवलं हे? भायेर काढा त्याला!" सर उठले. "पान छपाईला मी सोडलंय. चूक माझी." दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर दुरुस्ती आली. मला ते एका शब्दानेही बोलले नाहीत. उलट जेवताना स्वतःचा डबा पुढे केला. मला रडू आले, ते लपवत नाही.

दुरुस्ती वाचून विरोधी गट भडकला. गावोगावी पाठवलेले पेपरचे गठ्ठे न फोडता परत येऊ लागले. मालकांनी सरांना बोलावून सांगितले, दोनपैकी एक शब्द निवडा, नाहीतर खुर्ची सोडा. सर म्हणाले, "मालक, न्यायालयानं सांगितलं की त्याच दिवशी बदलतो. तुमी सांगताय म्हणून न्हाई." संध्याकाळपर्यंत त्यांचे टेबल निधनवार्तांच्या कोपऱ्यात गेले. साठीला टेकलेल्या माणसाचा असा अपमान आम्ही सगळे मुकाट बघत बसलो. त्याची लाज मला आजही वाटते. सर आजही तिथेच बसतात आणि घरोघर फोन करून विचारतात, "लेकींची नावं राहिली न्हाईत ना?"

सरांच्या षष्ट्यब्दीपूर्तीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाचे प्रकाशन रावसाहेबांच्या हस्ते आहे. परवा गौरव समितीतून मला फोन आला, "लेखात सरळ अध्यक्ष लिवा. पावन्याचा मान राखा की." खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही. म्हणून समितीला इथेच कळवतो: या ग्रंथाचे प्रकाशन अविश्वास ठरावाने पदावरून दूर केलेले आणि त्या ठरावाला न्यायालयात आव्हान दिलेले रावसाहेब करणार आहेत. व्यासपीठावर बोलायला उभा राहीन तेव्हाही हेच म्हणेन. लेख छापायचा तर या ओळीसकट छापा, नाहीतर अख्खा काढून टाका. तेव्हा गप्प बसलो होतो, आता बसणार नाही.

सर, आपणांस निरोगी आणि खणखणीत दीर्घायुष्य लाभो. आपल्याकडच्या खटल्यांची चाल पाहता ते लागणारच आहे. निकाल येईल त्या दिवशी तो शब्द आपल्याच हातांनी बदलला जावा, आणि तोवर कुणाच्या बापाला तो बदलता येऊ नये.