बोक्याचं पथ्य

आर्वीच्या कापूसबाजारात एक हमाल होता. कापसाची गाठ तो उशीसारखी उचलायचा, अन् शिंकला की बैल गाडीसकट उधळायचे. असा हा भीम रोज दुपारी मांडीवर बोका घेऊन बसायचा. बोक्याची लघवी तुंबली होती. गुरांच्या डॉक्टरानं नळी घालून ती मोकळी केली आणि बजावलं, "सुकट बंद. पातळच खाऊ घाल. पुन्हा तुंबली तर वाचणार नाही."

कोंबडीचा तो अळणी, पाणचट रस्सा हुंगून बोका तोंड फिरवायचा. मग हमाल आधी स्वतः घोट घेऊन "वाहवा!" म्हणायचा, तेव्हा कुठं बोका जीभ लावायचा.

मी एकदा हमालापुढं सुकटीची चटणी धरली.

"नाई जी भाऊ. त्याले फिक्कं चारून मी झणझणीत खाल्लं, तं त्याले तोंड कसं दाखवू?"

एके दिवशी सकाळपासून बोक्यानं थेंब टाकला नव्हता. हमालाचा घास हातातच राहिला होता. तेवढ्यात बोका उठला आणि माझ्या कोऱ्या बुटावर येऊन बसला. मी पाय ओढणार, तोच अख्खा बाजार हादरला.

"भाऊ, हलू नका जी! होऊ द्या त्याचं!"

धार संपेपर्यंत मी फोटो काढून घेत असल्यासारखा ताठ उभा होतो. शेजारी हमाल, हात जोडून.