बिनरेघेच्या चार नोंदी

हे माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, पळसदरीच्या बहिणीपाशी नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही उद्या माझ्या दारावरून जाणार नाही. आणि सांगताना मला भीती वाटत नाहीये. त्या दिवसाचं नाव काढलं की मला अजून चेव येतो. लाज वाटायच्या जागी चेव — अशी मी बाई.

मी सुनंदा. खोपोली आणि खालापूरच्या मध्ये आमचं गाव, गावाला लागून कंपनी. औषधाला लागणारं काहीतरी बनवतात, नक्की काय ते कुणी सांगत नाही. वास मात्र सगळ्यांना पाठ — सडका लसूण जाळल्यासारखा. मी ब्लाउज शिवते. गिऱ्हाईक ब्लाउज न्यायला आलं की माप बघायच्या आधी त्याला नाक लावतं. त्यात बातमी आली की कंपनी वाढणार. नवा प्लांट कुठे? तर आमच्या आळीच्या पाठीमागे. चार घरं आम्हा बौद्धांची, चार मुसलमानांची, त्यांच्या मोरीला लागूनच.

गाव उठलं. जनसुनावणी लागणार म्हणून कळलं आणि सगळे म्हणाले, पुरावा पाहिजे. आता वासाचा पुरावा कसा देणार? पिशवीत भरून नेणार?

वही माझ्या डोक्यातून निघाली. शिळफाट्यावरून जाड वही आणली, रकाने आखले — तारीख, वेळ, वारा कुठून, वास कसा, त्रास काय. एक आठवडा मी लिहायचं, एक आठवडा समोरच्या नसीमाने. जिचा आठवडा तिचं नाव पानाच्या डोक्यावर. काय दिवस होते ते! पहाटे उठून अंगणात जायचं, नाक वर करून उभं राहायचं, दोघींनी एकमेकींकडे बघून मान हलवायची. आळीतल्या बायका विचारायच्या, आज काय लिहिलंस गं? आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी विचारत होतं.

नसीमाचं अक्षर गावात सगळ्यांना माहीत. शब्दांवर रेघ देत नाही ती. शाळेपासूनची सवय. अर्ज असो, लग्नाची यादी असो, गावात अर्धं लिखाण तिचंच, आणि सगळं बिनरेघेचं.

तर एकदा तिच्या आठवड्यात तिची लेक श्रीवर्धनला बाळंत व्हायची होती. पिशवी घेऊन ती माझ्या दारात आली. "माझा आठवडा तू बघ गं," म्हणाली, "चार दिवसात येतेच मी." मी म्हटलं, जा बिनघोर.

आणि दुसऱ्याच दिवशी पळसदरीहून बहिणीचा फोन. भाचीचा साखरपुडा. मी पण गेले.

परत आले तर वहीत चार दिवस कोरे. सहा महिन्यांत एकही दिवस कोरा नव्हता हो. मला ते बघवेना. वास तर रोजच येतो, त्या चार दिवसांत काय गुलाब फुलले असतील? मी पेन उचललं. पानावर नाव नसीमाचं — म्हणून अक्षरही तिचंच काढलं. रेघ न देता. पहिल्या ओळीला हात अडखळला, दुसरीला मजा यायला लागली. 'वास उग्र.' 'डोळे चुरचुरले.' चौथ्या दिवशी तर मी 'उलटी झाली' असंही लिहून टाकलं. कुणी बघत नव्हतं तरी मी हसत होते. नसीमा परत आली, तिला नात झाली होती, पेढे वाटले. वहीचं मी बोलले नाही. तिनं पुढच्या कोऱ्या पानापासून लिहायला घेतलं.

इथवरच असतं तर मी हे सांगायला बसले असते का?

सुनावणी खालापूरला. मोठा मंडप, पुढे साहेब, एका बाजूला कंपनीची माणसं, दुसऱ्या बाजूला आम्ही. टेंपो भरून गेलो होतो. माझा नंबर लवकर आला. मी वहीतून वाचलं, वारा कसा फिरतो ते हात फिरवून दाखवलं. आवाज खणखणीत होता. मग कंपनीचा एक तरुण अधिकारी उठला, फार सभ्य, हातात आम्ही आधीच दिलेली वहीची झेरॉक्स. म्हणाला, वही खूप छान ठेवलीय, फक्त हे एक पान बघा. या चार दिवसांत आमचा प्लांट दुरुस्तीसाठी पूर्ण बंद होता. मग त्यानं वाचलं — 'वास उग्र. उलटी झाली.' कंपनीच्या बाजूला हसले. त्यानं पान सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

कुणाचं अक्षर हे विचारायची गरजच पडली नाही. मागून कुजबूज आली — नसीमाचा भाचा कंपनीच्या गेटवर आहे ना, हिनंच मुद्दाम घाण केली. किती पटकन आली ती कुजबूज. तेच अक्षर माझं असतं तर आली असती का? नावावरून माणसाला बाजूला काढणं काय असतं, ते आमच्या घरानं पुष्कळ पाहिलंय. मला ते कळायला हवं होतं. कळलं होतं — तेच तर सांगतेय. त्या क्षणी कळलं होतं.

नसीमा उठली. ती नेमकी कुठल्या तारखांना गावात नव्हती ते कुणाच्या ध्यानात नव्हतं, पण एका वाक्यात सुटली असती ती. 'मी श्रीवर्धनला होते', बस. दवाखान्याचे कागद होते, नात होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला समजलं हे मला दिसलं. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. मग ती साहेबांकडे वळली.

"माझी चूक झाली सायब," ती म्हणाली. "दिवस चुकले माझे. पण बाकीची वही खरी हाय. ती खोटी धरू नका."

मी गावात नव्हतेच असं ती म्हणाली असती तर दुसऱ्याच कुणीतरी लिहिलं हे निघालं असतं, आणि मग सगळी वही गेली असती. हे तिनं उभ्या उभ्या ओळखलं. मला ओळखायला टेंपोत बसेपर्यंत वेळ लागला.

कारण त्याआधी मी माईक घेतला. कुणी दिला नव्हता, मीच घेतला. म्हटलं, साहेब, एका बाईच्या चुकीमुळं अख्खं गाव खोटं ठरत नाही. काय टाळ्या पडल्या! पोरं शिट्ट्या मारायला लागली. मला पुढचं आपोआप सुचत गेलं, अंगात आल्यासारखी बोलले. 'एका बाईच्या' — मी नावसुद्धा घेतलं नाही. ती माझ्यापासून दोन खुर्च्यांवर बसली होती.

प्लांट आला, पण नाल्यापलीकडे. आमची आळी वाचली. समाजमंदिरात मला शाल-नारळ दिला. नसीमा शाळेत खिचडीची चव घ्यायला जायची, गावातल्या बायकांमधून नेमलेली. एकजण म्हणाला, जिला वास कळत नाही तिला चव काय कळणार. सगळे हसले. तिला काढलं, मला नेमलं. मी गेले. अजून जाते, रोज चव घेऊन सही करते. माझ्या अक्षरावर सगळ्यांचा भरवसा आहे. तिच्याकडे आता अर्ज लिहायला कुणी जात नाही, तेही माझ्याकडेच येतात.

हे मला छळतं असं म्हणू का? कधी छळतं. बऱ्याचदा टाळ्याच आठवतात.

एक राहिलं. परत येताना टेंपोत ती माझ्या शेजारीच उभी होती, दांडी धरून. बाकीच्या बायका माझी पाठ थोपटत होत्या, तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. शिळफाटा गेल्यावर ती माझ्या कानाशी वाकली. "छान बोललीस गं सुनंदा," म्हणाली. मी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. टोमणा नव्हता. वही वाचली म्हणून ती खरंच खूश होती.

आणि मी तिला म्हणाले, "थँक्यू."