फोन नको, कान द्या

माझा पहिला मोबाईल मी स्वतःच्या पगारातून घेतला आणि गळ्यात दोरीने अडकवून मिरवला. खोटं कशाला बोलू? नवऱ्याने पहिल्याच दिवशी नियम घालून दिला होता: अनोळखी माणसाच्या हातात फोन द्यायचा नाही. तो कुठे काय बोलेल, आणि उद्या पोलीस आपल्या दारात.

जूनमधली दुपार होती. भिवंडीच्या एसटी स्टँडवर मी वाड्याच्या गाडीची वाट बघत होते; माझी शाळा अंबाडीला. गाडीचा पत्ता नव्हता, म्हणून चौकशीच्या खिडकीशी जाऊन कंट्रोलरला चार शब्द सुनावून आले. परत बाकावर टेकते तोच एक माणूस समोर उभा. चाळिशीचा, केसांत कापसाचे तंतू. पॉवरलूमवरची शिफ्ट संपवून थेट इकडे आलेला दिसत होता.

"मॅडम, एक फोन लगाना है. यूपी, गाँव में."

"बॅलन्स नाही," मी ठोकून दिलं.

तो हलेना. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "फोन तो लगता है मॅडम. सुनाई नहीं देता. कान लूम खा गया."

पीसीओवरून दोनदा लावून झाला होता. पलीकडचं अक्षर कळलं नाही, आणि मागे रांग आहे म्हणून पीसीओवाल्याने उठवलं. पण मग स्टँडभर माणसं सोडून मीच का? "आपने खिड़की पे झगड़ा किया ना? मैं उधर खड़ा था. होंठ देख के पूरा समझ गया."

लूमच्या खडखडाटात ही माणसं एकमेकांचे ओठ वाचून बोलतात, हे भिवंडीत जन्म काढून मला माहीत नव्हतं. माझ्या तोंडाविषयी सासूबाई काय म्हणत ते इथे लिहीत नाही. पण तेच तोंड कुणीतरी पारखून निवडलंय म्हटल्यावर मी जरा ताठच बसले.

त्याच्या मुलीचा बारावीचा निकाल होता. पास झाली तर कॉलेज, नापास झाली तर आजोबांनी बघून ठेवलेलं स्थळ, असं त्याचं त्याच्या वडिलांशी ठरलं होतं. मुलगी गावातल्या दुकानात फोनपाशी बसून होती.

मी मधला मार्ग काढला. नंबर मी लावणार, फोन माझ्याच हातात राहणार. गळ्यातली दोरीसुद्धा काढली नाही.

पहिल्याच रिंगला मुलीने उचलला. मी कोण ते सांगितलं. "फर्स्ट डिवीजन," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. मी त्याच्याकडे तोंड करून, पहिलीच्या पोरांना शिकवताना करते तसे ओठ मोठे करून सांगितलं. त्याने ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. मीही तीनदा सांगितलं, आणि दर वेळी आवाज चढवून.

मग फोनवर म्हातारा आला. मी कोण बाई म्हणून आधी माझ्यावरच घसरला. कॉलेज लांब आहे, मुलाकडच्यांचा होकार आलाय, पोरगी पास झाली तेवढं पुरे. समोर मुलीच्या बापाचे डोळे माझ्या ओठांवर खिळलेले. काय करू? शब्द न् शब्द सांगून टाकला.

त्याचा चेहरा पडला. मग त्याने नुसता हात पुढे केला.

मी दोरी गळ्यातून काढली आणि फोन त्याच्या हातात दिला.

त्याने तो कानाला लावलाच नाही. तोंडासमोर धरला आणि लूमवर ओरडतात तसा ओरडला, "अब्बा, आपने ज़बान दी थी! लड़की पढ़ेगी! मैं डबल ड्यूटी करूँगा, लेकिन वो पढ़ेगी!" अख्खा स्टँड वळून बघायला लागला. मला त्या माणसाचा विलक्षण अभिमान वाटला. वाटलं, कंट्रोलरला बाहेर बोलावून सांगावं, हे माझ्या फोनवरून चाललंय.

फोन माझ्या हातात ठेवत तो म्हणाला, "अब उनको बोलने दो. मेरे को तो सुनाई नहीं देता."

आत म्हातारा अजून तावातावाने बोलतच होता. ते त्याच्यापर्यंत पोचवायला तिथे फक्त माझंच तोंड होतं. आयुष्यात प्रथमच मी ते मिटून घेतलं आणि लाल बटण दाबलं.