डावखुऱ्याची दुसरी फेरी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे सांभाळूनराव म्हणत. कोणी शिडी चढताना दिसो, रस्ता ओलांडताना दिसो, नाहीतर गरम चहाचा कप उचलताना दिसो, त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो 'सांभाळून'. "झोपेतसुद्धा बडबडतात," बायको सांगायची. "स्वप्नात कोणाला सांभाळतात, देव जाणे."

स्वभाव भित्रा होता हे ते स्वतःही मान्य करत. ब्रेक तपासायचा, जिना उतरून खाली यायचं, आणि खाली आल्यावर 'तपासला का खरंच?' म्हणून पुन्हा वर जायचं. मालकाची तक्रार एकच, माणूस वेळ फार खातो. पण त्यांनी हात लावलेल्या लिफ्टबद्दल कधी रडगाणं आलं नव्हतं.

असा माणूस रविवारी बॉक्सिंगच्या रिंगशेजारी जज म्हणून बसायचा, हे ऐकून लोक चाट पडत. तरुणपणी त्यांनी स्वतः काही महिने ग्लोव्ह्ज घातले होते. एकदा नाकावर मूठ बसली. फार दुखलं असं नाही, पण पुढच्या लढतीच्या दिवशी गुडघे उभेच राहीनात. खेळ सुटला, नाद सुटला नाही. सर्वात खालच्या बाकावर बसून ते मनाशीच गुण देत बसायचे. एकदा ते पुटपुटणं मुख्य जजच्या कानावर गेलं. हे गृहस्थ शाळेत गणित शिकवायचे, सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांनी आपले गुण त्यांच्या गुणांशी ताडून पाहिले. तंतोतंत जुळले.

"या मग आमच्यात," मास्तर म्हणाले.

सांभाळूनरावांना वाटलं, दोरीच्या बाहेरची खुर्ची. मार नाही, काही नाही. इथे कसली भीती?

बायको हसून म्हणाली, "नाकावर बसतो तोही पंच, आणि निकाल देतो तोही पंच. नक्की कुठला पंच होणार आहात, ते बघून जा."

मास्तरांनी शिकवायला सुरुवात केली. फेरीत जो सरस त्याला दहा, दुसऱ्याला नऊ. अगदीच एकतर्फी झाली तर आठ. मुठीचा पुढचा भाग चेहऱ्यावर, डोक्याच्या बाजूला किंवा पट्ट्याच्या वर छाती-पोटावर स्वच्छ बसला, तरच तो ठोसा. हातावर अडला, मानेमागे लागला, तो मोजायचा नाही. मग मास्तरांनी जुन्या लढतीचं चित्रण लावलं आणि आवाज बंद करून गुण द्यायला सांगितले. नंतर तीच लढत आवाजासकट दाखवली. सांभाळूनरावांच्या हातून दुसऱ्याच खेळाडूला फेरी गेली. त्यांना दरदरून घाम फुटला.

"बघा," मास्तर म्हणाले. "ठोसा हवेत गेला तरी लोक ओरडतात. तुमचे कान त्या ओरडण्याला गुण देतात. हात बांधून बसता येतं, कान बांधून बसायला शिका."

"आणि मार लागला तर?" सांभाळूनरावांनी विचारलं. "म्हणजे गुण कोणाचे का असेनात, पण एखादा पोरगा आतून हलला असं आपल्याला दिसलं तर?"

"ते बघायला रेफरी आहे, डॉक्टर आहे. आपण ठोसे बघतो. फेरी चालू असताना जज तोंड उघडत नाही, खुर्चीतून उठत नाही. तोंड उघडणारा जज म्हणजे रिंगमधला तिसरा खेळाडू."

हे त्यांनी पाठ केलं. तरी प्रत्येक लढतीआधी भीती वाटायचीच. पोरं वर्षभर घाम गाळतात आणि निकाल आपल्या पेन्सिलीच्या टोकावर, या विचारानं तळहात ओले व्हायचे. ते रुमाल मांडीवर ठेवूनच बसत.

आता त्या अंतिम लढतीची गोष्ट. एका बाजूला गावाचा लाडका डावखुरा. उंच, सडपातळ, इमारतींवर गिलाव्याचं काम करणारा. आईवडील नव्हते, थोरल्या बहिणीनं वाढवलेला. ती ताई पहिल्या रांगेत पर्सचा पट्टा मुठीत गच्च धरून बसली होती. समोर बाहेरगावचा एक बुटका, मानेपासून खांद्यापर्यंत एकसलग दगड. तीन जज तीन बाजूंना. मास्तर समोरच्या बाजूला, मधे रिंग, त्यामुळे एकाला दिसेल ते दुसऱ्याला दिसेलच असं नाही.

पहिली फेरी डावखुऱ्याची. वादच नव्हता.

दुसऱ्या फेरीत दोघं एकमेकांना बिलगले. रेफरी सोडवायला पलीकडून आला, आणि सुटता सुटता बुटक्याचा हात डावखुऱ्याच्या कानामागे बसला. मुद्दाम नसेल. आवाजही झाला नाही. गुणांत तो धरायचा नव्हता आणि रेफरीला दिसलाही नव्हता. सांभाळूनरावांच्या मात्र अगदी समोर घडला. त्यानंतर डावखुरा आणखीच भरभर ठोसे मारू लागला. सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. पण सांभाळूनरावांची नजर त्याच्या पायावर गेली. उजवं पाऊल मागे राहत होतं. उचललं जात नव्हतं, फरपटत येत होतं.

फेरी संपली. डावखुरा कोपऱ्यात बसला. प्रशिक्षकानं दातांचं कवच पुढे केलं. त्यानं ते घेतलं आणि गालाला लावलं. पुन्हा प्रयत्न केला, मग तोंडात गेलं. प्रशिक्षक तेव्हा पाण्याची बाटली ठेवायला वाकला होता.

सांभाळूनरावांनी कागदावर दहा-नऊ लिहिलं. डावखुऱ्याला दहा. नियमानं तेच बरोबर होतं. लिहिताना आकडा वाकडा आला.

रेफरीनं पाहिलं असेल. डॉक्टर बसलेत की. मी लिफ्टवाला, मला काय कळतं? उठलो तर लढत बिघडेल. नाही उठलो तर? छातीत धडधड इतकी वाढली की घंटा ऐकूच आली नाही.

तिसरी फेरी सुरू झाली. डावखुरा पुढे सरसावला. ओठ सुटलेले, चेहऱ्यावर एक लोंबकळणारं हसू, आणि ते पाऊल तसंच मागे. सांभाळूनराव उभे राहिले. तळहात टेबलावर आपटला आणि ओरडले, "थांबवा! पोराकडे बघा, थांबवा!"

रेफरीनं चमकून मान वळवली. डावखुऱ्यानंही वळवली.

बुटक्याचा ठोसा तेव्हाच सुटला होता. तो हनुवटीवर बसला. अगदी स्वच्छ, पूर्ण गुणांचा. डावखुरा उभाच्या उभा आडवा झाला.

पुढचं सांभाळूनरावांना तुकड्यातुकड्यानं आठवायचं. ताईची किंकाळी. डॉक्टर गुडघ्यावर. मग मागच्या बाकांवरून 'फितूर! फितूर!' मास्तर त्यांच्या दंडाला धरून मागच्या दारानं बाहेर नेत होते आणि दात आवळून म्हणत होते, "का उठलात? का उठलात हो?"

इस्पितळात डावखुऱ्याच्या डोक्याचा स्कॅन काढला. त्यात काही निघालं नाही. दोन दिवसांनी घरी सोडलं. हे कळल्यावर सांभाळूनरावांना हायसं वाटलं, आणि लगेच दुसरा विचार आला. पोराला काही झालंच नव्हतं, तर आपण ओरडलो कशाला? जिंकत असलेल्याला आपणच पाडलं. लोकही तेच म्हणत होते. भर दुपारी कोणीतरी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर दगड मारला. बायकोनं काचा गोळा केल्या आणि फक्त एवढंच म्हणाली, "काही दिवस बाजाराकडून येऊ नका. मागच्या गल्लीनं या."

जिन्यात पाऊल वाजलं की ते पान्हा हातात धरून थांबायचे. संघटनेनं चौकशी ठेवली होती. तोवर खुर्ची बंद.

त्याच आठवड्यात एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत लिफ्ट बसवायचं काम होतं. वरच्या मजल्यावर दाराच्या जागी नुसती चौकट, पलीकडे लिफ्टची मोकळी विहीर, आडवी एक फळी. बाकीचे जेवायला खाली गेले होते.

"काका."

त्यांनी वळून पाहिलं. डावखुरा उभा होता. अंगावर सिमेंटचे शिंतोडे, हातात थापी. याच इमारतीत बाहेरून गिलाव्याचं काम चाललंय, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. मागे विहीर, पुढे हा. मदतीला हाक मारावी तर मजल्यावर चिटपाखरू नाही.

तो दोन पावलं पुढे आला. "तुम्ही कधी ओरडलात?"

"ति... तिसऱ्या फेरीत. सुरुवातीलाच."

"आणि दुसरीत काय झालं?"

"म्हणजे?"

"मी काय केलं दुसरीत? कशी खेळलो?"

"तुझी होती. दहा-नऊ दिले मी."

"ताई पण म्हणते छान खेळलास." त्याचा आवाज बारीक झाला. "मला आठवतच नाही, काका. पहिली आठवते. मग एकदम इस्पितळाचा पंखा. मधलं काहीच नाही."

हळूहळू सगळं बाहेर आलं. लढतीच्या आधी सरावात त्याच्या डोक्याला लागलं होतं. उलट्या झाल्या होत्या. बाहेरचं खाणं बाधलं असं त्यानं प्रशिक्षकाला सांगितलं. आता थापी हातातून निसटत होती. परांचीवर उभं राहिलं की खालची जमीन एका बाजूला सरकायची.

"आणि तरी तू वर चढतोस?"

"मग काय करू? सांगितलं तर खेळ बंद, कामही बंद. तुम्हाला एकट्यालाच काहीतरी दिसलं होतं, म्हणून विचारायला आलो. कोणाला सांगू नका. शपथ घ्या."

मघापर्यंत सांभाळूनरावांना त्याची भीती वाटत होती. आता त्याच्यासाठी वाटू लागली, आणि ही कितीतरी मोठी होती. बोलता बोलता तो विहिरीपाशी आला होता आणि फळीवर टेकून उभा होता.

"शपथ नाही घेत मी," ते म्हणाले. "आधी तिथून बाजूला ये. माझा हात धर. हं, असा."

जिन्यानं ते पुढे उतरले, त्याला मागे ठेवून, पडलाच तर आपल्या अंगावर पडावा म्हणून. सरळ त्याच्या घरी नेला आणि ताईसमोर सगळं सांगून टाकलं. डावखुरा पेटला. "एकदा पाडलंत, आता पुन्हा पाडताय!" म्हणून त्यानं भिंतीवर मूठ आपटली. ताईनं त्याच्याशी वाद घातला नाही. चपला घातल्या आणि म्हणाली, "चल. काका, तुम्हीपण चला."

या वेळी इस्पितळातल्या डॉक्टरांनी पूर्ण हकिगत ऐकली. मेंदूला लागोपाठ हादरे बसलेत, ते स्कॅनमध्ये दिसतीलच असं नाही, म्हणाले. ग्लोव्ह्ज बंद. उंचीवरचं काम बंद. आणखी एक मार बसला तर काय होईल, ते त्यांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं. ती परत आली तेव्हा चेहरा पांढराफटक होता.

निघताना सांभाळूनराव दारात थांबले. "डॉक्टर, मी ओरडलो म्हणून तो वळला. तो शेवटचा ठोसा..."

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही ओरडला नसतात तर कदाचित बसला नसता. कदाचित त्याहून वाईट बसला असता."

चौकशीला ताई स्वतःहून आली आणि भावाची सगळी कहाणी सांगितली. मग मास्तर बोलले. "यांची नजर खोटी नव्हती. पण नियम मी शिकवलाय, म्हणून बोलतो. जजच्या ओरडण्यानं तो पोरगा वळला. उद्या प्रत्येक जज घाबरला की ओरडेल, आणि लढती ओरडण्यावर संपतील." सांभाळूनरावांनी मान खाली घातली. त्यांनाही ते पटत होतं. एक हंगाम त्यांना बाहेर बसवलं. मात्र त्याच बैठकीत मास्तरांनी नवा नियम मांडून मंजूर करून घेतला: दोन फेऱ्यांच्या मधे, फक्त मधे, जजनं हात वर केला तर डॉक्टरांनी खेळाडूला तपासायचंच.

डावखुरा आता तळमजल्यावर काम करतो. माल कालवतो, खालच्या भिंती करतो. सांभाळूनराव दिसले की रस्ता बदलतो. ताई मात्र थांबून बोलते.

हंगाम सरल्यावर मास्तर परत बोलवायला घरी आले. सांभाळूनरावांनी पुष्कळ आढेवेढे घेतले. "मला झेपत नाही मास्तर, रिंग बघितली की तो पडताना दिसतो." शेवटी बायकोच म्हणाली, "जा. घरात बसून तरी कुठे घाबरायचं थांबलाय?"

पहिल्याच लढतीत एका पोराचा डोळा त्यांना नीट वाटला नाही. मधल्या वेळात त्यांनी हात वर केला. डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून पाहिलं आणि मान हलवली. काही नव्हतं. सभागृहात हशा पिकला, कोणीतरी शिट्टी मारली.

नंतरच्या लढतीत दुसरा एक खेळाडू कोपऱ्यात बसताना स्टुलाला अडखळला. घामानं पाय घसरला असेल. लोक आधीच हसायला लागले होते. सांभाळूनरावांनी रुमालाला तळहात पुसला आणि हात वर केला, आणि डॉक्टर खुर्चीतून उठेपर्यंत खाली घेतला नाही.