राजबिंड्याने घेतलेलं माप

चष्म्याच्या दुकानातल्या विक्रेत्याला सगळी गल्ली राजबिंडा म्हणे, आणि त्याने त्यावर हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही. सरळ नाक, भरदार आवाज, कानशिलावर बेताने पिकलेले केस. एवढ्या भांडवलावर माणूस हुशार, सज्जन आणि कामात चोख ठरतो, हाही ठरला. गिऱ्हाइकं फ्रेम आधी त्याच्या नाकावर चढवून बघत आणि तीच घेऊन जात. मालकाला वाटलं, ज्याला चष्मा एवढा शोभतो त्याला तो कळतही असणार. त्याने राजबिंड्याला मापं घ्यायला बसवलं.

माप म्हणजे डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर. गिऱ्हाइकाच्या नाकावर पट्टी धरायची आणि आपला एकेक डोळा आळीपाळीने मिटून आकडा वाचायचा. पण डोळा मिटला की तोंड वाकडं होतं, हे राजबिंड्याने समोरच्या आरशात पहिल्याच दिवशी पाहिलं. तेव्हापासून तो दोन्ही डोळे टपोरे उघडे ठेवून मापू लागला. काचा भलत्याच जागी बसत, लोकांची डोकी ठणकत, आणि लोक आपल्याच डोळ्यांना बोल लावत.

सासरे घड्याळजी होते. जावयाचं रूप पाहूनच त्यांनी मुलगी दिली होती. बाकीची चौकशी त्यांना अपमानास्पद वाटली होती. त्यांच्या जुन्या चष्म्याला चरे पडले, तेव्हा नवा अर्थातच जावयाकडून आला. थोड्याच दिवसांत त्यांना घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग दोन-दोन दिसू लागली.

"झालं, डोळे गेले," ते म्हणाले. "दुकान बंद करतो."

राजबिंड्याची बायको बापावर गेलेली. बसकं नाक, चिरका आवाज. ती खरं बोलली तरी लोकांना भांडतेय असंच वाटे.

"डोळे कुठे गेलेत? माप चुकलंय ह्यांचं! बाबा, जुना चष्मा घाला बघू."

बापाने घातला. चिमट्यात इवलासा स्क्रू धरला आणि एका झटक्यात जागेवर बसवला.

"बसला ना?"

"हाताची सवय आहे ती," म्हणत त्यांनी पुन्हा नवा चष्मा चढवला. "आणि नवऱ्याबद्दल असं बोलू नये. बरं दिसत नाही."

"बरं दिसण्यापायीच तर चाललंय सगळं!"

शेवटी राजबिंडा म्हणाला, "बाबा, ती म्हणते ते खरं आहे. मला माप घेताच येत नाही."

सासऱ्यांचे डोळे पाणावले. "बघ, बघ! बायकोचा शब्द खाली पडू नये म्हणून दोष अंगावर घेतोय. असा माणूस शोधून सापडायचा नाही."

"अहो, नीट पटवून सांगा ना!" बायको ओरडली.

"सांगितलं की," राजबिंडा गंभीरपणे म्हणाला. तो गंभीर आवाज त्याचा त्यालाच आवडला. मन हलकं झालं, आणि त्याने पुन्हा तोंड उघडलं नाही.

सासऱ्यांचं दुकान बंद झालं. कामाचं टेबल राजबिंड्याने स्वतः खांद्यावर घेऊन बाहेर काढलं. शेजारपाजार दारात जमला.

"मुलगा करणार नाही एवढं करतोय."

"बाबांना दिसतंय हो अजून!" बायको म्हणाली.

"हिला मेलीला कशाचं कौतुकच नाही," शेजारीण पुटपुटली.

नव्या चष्म्यातून पायरी कुठे आहे ते सासऱ्यांना कळेना. राजबिंड्याने टेबल खाली ठेवून त्यांचा दंड धरला.

"जपून, बाबा."

"तू आहेस म्हणून निभावतंय रे," सासरे म्हणाले.