गळती की गलती

रावसाहेबांचा डावा मोजा भिजला तेव्हा ते 'प्रगती' या शब्दापर्यंत आले होते.

इंग्रज देश सोडून गेले, पण जाताना दिलेल्या पदव्या परत न्यायच्या विसरले. त्यामुळे आमच्या आळीतले निवृत्त मामलेदार अजून रावसाहेबच होते आणि कुठंही नारळ फुटायचा असला की भाषण त्यांचं असे. त्या रविवारी नारळ फुटला तो आमच्या ठाण्याच्या घराच्या अंगणात, एका ट्रेलरसमोर. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, कल्याणला मोटारदुरुस्तीचं गॅरेज चालवायचा. लढाई संपल्यावर तिथल्या छावणीतलं सामान लिलावात निघालं. लोकांनी तंबू घेतले, बूट घेतले, कांबळी घेतली. दादानं कुणा गोऱ्या अधिकाऱ्याचं फिरतं घर घेतलं. दोन चाकांवर एक पत्र्याची खोली. आत भिंतीला लागून एक पलंग, परातीएवढी मोरी, छताजवळ पाण्याची टाकी आणि मोरीवर पितळी नळ.

त्या नळाचा दादाला फार अभिमान. आळीतल्या निम्म्या घरांत नळ नव्हता, आणि त्या सगळ्यांना त्यानं एकेक करून आत नेऊन तो सोडून दाखवला होता. आता पलंगाखालून एक ओहोळ निघून दाराच्या पायरीवर उतरत होता, आणि पायरीवर रावसाहेब उभे होते. 'प्रगती'वरून ते थेट 'एवढं बोलून मी आपली रजा घेतो'वर आले. माझ्या आठवणीतलं हे त्यांचं सर्वांत चांगलं भाषण.

मी हसत होतो, पण दादाचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. ही गाडी आत्यासाठी होती. वर्षापूर्वी विहिरीवर पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ते कसंबसं जुळलं, पण तिला अर्धा तासही बसवत नसे. तिची एकुलती एक बहीण, अक्का, धुळ्याला अंथरुणाला खिळलेली. तिचं कार्ड आलं होतं, शेजारणीच्या अक्षरात: "यायचं असेल तर आता ये." आगगाडीत बसून जाणं आत्याला शक्य नव्हतं, म्हणून पडून जाता येईल असं घरच दादानं शोधून आणलं. ओळखीचा एक ट्रकवाला बुधवारी पहाटे धुळ्याकडे निघणार होता, तो ट्रेलर ओढून न्यायला कबूल झाला होता. पुढं दोन महिने तो इकडे फिरकणार नव्हता. अक्काकडे दोन महिने होते असं कुणालाच वाटत नव्हतं.

"टाकी रिकामी ठेवा आणि एक हंडा भरून द्या," ओसरीवर आडवी पडलेली आत्या म्हणाली.

"कसाऱ्याच्या घाटात हंडा तुझ्या अंगावर येईल," दादा म्हणाला.

"मग अंघोळही होईल."

पण वैशाखातला दोन दिवसांचा रस्ता होता आणि पाणी तर हवंच होतं. शिवाय पलंगाचे पाय ज्या फळीत रोवले होते ती फळी भिजून फुगायला लागली होती. ती सुटली तर आत्या पलंगासकट घरंगळणार.

सोमवारी सकाळी दादानं त्याच्या गॅरेजमधला मिस्त्री आणला. हा कोलशेतचा, मिठागरात वाढलेला, हातात पाना आला की गप्प होणारा माणूस. त्याच्या बोलीत 'ळ'चा 'ल' व्हायचा. तो वाकून आत शिरला, ओल्या फळीवर हात फिरवला आणि म्हणाला, "शेठ, ही गलती कनची, ते बघाया लागंल."

त्याला गळती म्हणायचं होतं.

दादाचं मत ठाम होतं: टाकीच्या सांध्याचं झाळकाम सुटलं असणार. टाकी उतरवली, पुसली, उन्हात भरून ठेवली. थेंब नाही. तरी दादा म्हणाला, टाकीच. पुन्हा भरली. पुन्हा थेंब नाही. मग मिस्त्री पलंगाखाली सरपटला. टाकीतून उतरलेला पाइप तिथं भिंतीच्या कडेनं जाऊन पुढं मोरीमागच्या फळीआड वर चढत होता. पलंगाखालचे सगळे जोड त्यानं आवळले. टाकी पुन्हा बसवली, पाणी सोडलं, आणि पाऊण तासात पलंगाखाली तळं झालं. मला त्यात एकच गोष्ट विचित्र दिसली. पाणी किंचित गुलाबी होतं.

"गंज हाय," मिस्त्री म्हणाला.

मी शाळामास्तर. सुट्टी लागलेली, वाचनालयातली पुस्तकं डोक्यात ताजी. मी म्हणालो, गंज तांबूस असतो, गुलाबी नसतो. आणि पाणी नेहमी आपली पातळी गाठतं, तेव्हा आपण शास्त्रशुद्ध पद्धतीनं...

"मास्तर, त्यानं पातली गाठली का मना सांगा," पलंगाखालून आवाज आला.

मंगळवारी सकाळी आमच्या हातात एकच दिवस उरला होता. तिघंही चिडलेले, तिघांचेही गुडघे सोललेले. शेवटी ओसरीवरून आत्या ओरडली, "अरे, नुसते डोकावताय काय! पाइप कोरडा पुसा आणि वरून रांगोळी भुरभुरवा. गळक्या पातेल्याचं भोक आम्ही असंच शोधतो. पाणी पडतं कुठं ते पाहू नका, येतं कुठून ते पाहा."

वाचनालयातल्या एकाही पुस्तकात हे नव्हतं. मी देवघरातला रांगोळीचा डबा आणला. पाइप धोतराच्या फडक्यानं खडखडीत पुसला, वर रांगोळी पेरली आणि टाकीची चावी सोडली. मी आणि मिस्त्री जमिनीला गाल लावून पडलो. पाच मिनिटं काही नाही. आणि मग पांढऱ्या रांगोळीत एक बारीक गुलाबी रेघ उमटली! ती पलंगाखाली सुरूच झालेली नव्हती. ती मोरीकडून आली होती, चढावरून पाइपाला चिकटून उतरत, सरळ आमच्या नाकासमोरून.

"वरून येतंय!" मी ओरडलो. "मोरीच्या मागून!"

"त्या फळीला हात लावू नका," दादा घाईघाईनं म्हणाला. "विलायती फळी आहे, काढली की परत बसत नाही. मी सांगतो, टाकीच आहे."

"काढ रे फळी," ओसरीवरून हुकूम आला.

मिस्त्रीनं चार स्क्रू काढले. फळी निघाली, मागे नळाचा जोड दिसला आणि जोडाखाली गुलाबी थेंब लोंबत होता. त्यानं पाना लावला, जोड उघडला आणि दोन बोटांनी आतून एक बुळबुळीत चकती ओढून काढली. तीन पदरी, डाळिंबी रंगाची.

"शेठ," तो म्हणाला, "गलती गावली. हितं चामड्याचा वायसर पायजे. ह्यो त कापडाचा."

"इकडे आण," आत्या म्हणाली. तिनं चकती बोटांत चोळली, बोटं उजेडात धरली. "हे रेशीम आहे. आणि हा रंग मी ओळखते. पहिल्याच धुण्यात यानं माझी दोन लुगडी बाटवली होती. दादा, हा तुझ्या लग्नातला सोवळ्याचा कद."

सोवळं हे थोतांड आहे असं दादा गेली दहा वर्षं भर पंगतीत सांगत आला होता. तो आता छताकडे बघत उभा राहिला.

"चामड्यातून आलेलं पाणी तू प्यायली नसतीस," तो म्हणाला.

"मला कोण सांगायला आलं होतं?"

"तू विचारलं असतंस. आणि तुझ्याशी खोटं बोलायला मला जमत नाही."

"म्हणून कद कापलास?"

"मेण लावलं होतं चांगलं. कल्याणला शेडमध्ये ठणठणीत राहिलं. इथं उन्हात वितळलं असणार."

"मग रविवारीच का नाही बोललास?"

"आळीसमोर?"

पुरोगामी माणसाची अब्रू किती नाजूक असते, हे मला त्या दिवशी कळलं. आत्या हसायला लागली. हसताना खुबा दुखायचा, तरी थांबेना. "मेल्या," ती डोळे पुसत म्हणाली, "एवढा मोठा झालास नि अजून चोरी करता येत नाही."

पण हसणं संपलं आणि मिस्त्रीनं पिशवीतून खरा वायसर काढून समोर धरला. "म्हशीचा हाय, आत्याबाय," तो म्हणाला, जणू त्यानं अडचण अर्धी कमी होणार होती.

आत्यानं चकतीला हात लावला नाही. सतरा वर्षांची असताना विधवा झालेली ही बाई. दुसऱ्या कशावरच जेव्हा तिची सत्ता नव्हती, तेव्हा आपल्या तोंडात काय जाईल एवढं एक तिनं स्वतःच्या हातात ठेवलं होतं. मी त्याला कर्मठपणा म्हणत असे, तोही तिच्यासमोर नव्हे. ती त्या चकतीकडे बघत होती, मग उशीखालच्या कार्डाकडे हात गेला, मग पुन्हा चकतीकडे. तिला काही बोलायला लावणं मला पाहवेना.

"रबर चालेल का?" मी मिस्त्रीला विचारलं. "सायकलच्या ट्यूबचं?"

"पलंल. चामड्याहून बेस."

"रबर कशाचं करतात?" आत्यानं लगेच विचारलं.

"झाडाच्या चिकाचं. फणसाला असतो ना, तसा चीक."

"फणसासारखा?"

"अगदी तसाच."

पुढं त्यात गंधक आणि आणखी काय काय घालतात, हेही मी वाचलं होतं. ते मी सांगितलं नाही.

"मग लावा की! दोन दिवस तिघं काय करत होता?"

मी माझ्या सायकलचं पुढचं चाक उघडलं आणि चांगली ट्यूब कापली. मिस्त्रीनं तिच्यातून चकती कातरली, बसवली, पाना पिळला. पुन्हा फडकं, पुन्हा रांगोळी, पुन्हा पाणी. या वेळी एक तास पाहायचं ठरलं. घड्याळ दादाच्या हातात. तास भरला. मिस्त्रीनं पाइपावरून टोकापासून टोकापर्यंत बोट फिरवलं आणि वर धरलं. पांढरं, कोरडं.

"सुका!" तो ओरडला.

"दुसऱ्या बोटानं बघ," आत्या म्हणाली.

दुसरंही कोरडं निघालं. दादानं मिस्त्रीला उचललं, मिस्त्रीनं मला, आणि आळीतली माणसं काय झालं म्हणून धावत आली.

बुधवारी पहाटे ट्रक निघाला. गुरुवारी दिवेलागणीला आम्ही धुळ्यात होतो. दादानं आणि मी आत्याला खुर्चीत बसवून माडीवर नेलं. अक्का खाटेवर पडून दाराकडेच बघत होती.

"किती वाळलीस गं!" आत्या म्हणाली.

"तू यायला अकरा वर्षं लावलीस. तोवर काय फुगून बसू?"

"माझं हाड मोडलं होतं."

"हाड गेल्या वर्षी मोडलं. आधीच्या दहा वर्षांचं बोल."

शेजारणीनं आणखी एक खाट दिली. ती आम्ही अक्काच्या खाटेला लावली आणि आत्याला त्यावर निजवलं. दोघींनी एकमेकींचे हात धरले. मग अक्कानं मान वळवून आमच्याकडे पाहिलं.

"तुम्ही दोघं का उभे? जा खाली. आम्हाला भांडायचंय."