विलायती ब्रेक आणि अमेरिकन ब्रेक

कडेगावचा नाथाजी लढाईवर गेला तेव्हा त्याला बैलाचा कासरा ओढण्यापलीकडे काही येत नव्हतं. पाच वर्षं फौजेच्या गाड्या हाकून इटलीतून परतला, तो ब्रेकशास्त्री होऊनच. पारावर कुणी जोंधळ्याचा विषय काढला तरी दुसऱ्या वाक्याला हा ब्रेकवर यायचा.

"अमेरिकन गाडी म्हंजी माजलेला रेडा. पळंल लय, पर थांबायची न्हाई. विलायती गाडी कशी, कवायतीतल्या शिपायागत! थांब म्हटलं की खाड्कन थांबली!"

गावातल्या हंबीररावांकडे दोन्ही गाड्या होत्या. विलायती नाथाजीकडं, अमेरिकन जतच्या सिद्धूकडं. सेहेचाळीस साल, पेट्रोल कुपनावर. दोन्ही गाड्यांना पुरेना, तेव्हा एक गाडी विकायची ठरली. गाडीबरोबर तिचा ड्रायव्हरही घरी बसणार, हे उघडच होतं.

"सरकार, दोनींचा ब्रेक बघा. मंग ठरवा," नाथाजीनं छाती फुगवून सांगितलं.

सिद्धू तंबाखू मळत नाथाजीला एवढंच म्हणाला, "अण्णा, माजी बी थांबती. जरा दम खाऊन थांबती."

विट्याच्या रस्त्यावर चुन्याची रेघ ओढली. बैलांच्या शर्यतीला जमावं तसं गाव जमलं. तीस मैलांच्या वेगानं यायचं, रेघेवर ब्रेक दाबायचा, पुढं किती पावलं जाते ते मोजायचं. हंबीरराव दोन्ही खेपांना मागं बसणार होते, नवा कोरा रेशमी फेटा बांधून.

आधी सिद्धू आला. रेघ ओलांडून गाडी गेली ती गेलीच. बऱ्याच वेळानं, कुणी पाहुणी निरोप घेत घेत निघावी तशी, थांबली. चौतीस पावलं. नाथाजी पोट धरून हसला.

मग तो स्वतः आला. रेघेवर त्यानं इटलीतला अख्खा पराक्रम त्या एका पायात उतरवला. गाडी खाड्कन खिळली. अठरा पावलं!

हंबीरराव मात्र थांबले नाहीत. ते पुढच्या सीटवर आदळले. फेटा खिडकीतून सुटला आणि साऱ्या कडेगावादेखत धुळीत लोळत गेला. मालकांचं टक्कल गावानं पहिल्यांदा पाहिलं. बायकांनी तोंडाला पदर लावले.

"सरकार, अठरा! मोजा की!" नाथाजी ओरडला.

हंबीररावांनी फेटा झटकला. "सिद्धू, गाडी काढ. ही दुसरी इकून टाका."

संध्याकाळी नाथाजीच्या बायकोनं, साळूबाईनं, चुलीपुढनंच विचारलं, "आवं, काय झालं?"

"जिंकलो."

"मंग सकाळी कामावर जायाचं न्हवं?"

नाथाजीनं ड्रायव्हरकीची टोपी काढून ट्रंकेत टाकली, तेव्हा तिनं समजायचं ते समजून घेतलं. "जरा हळू दाबला आसता, तर पाय झिजला आसता व्हय तुमचा?"

पुढच्या हंगामात नाथाजी उसाची बैलगाडी हाकत होता. बैलांच्या मनात आलं, की ती थांबायची.